मृतसाठ्याच्या काठावर

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे काढल्यामुळे तलाव पाहिला की माझ्यासमोर आधी तक्ता उभा राहतो. दर आठवड्याला वरच्या कार्यालयात पाठवायच्या त्या तक्त्यात पाणीपातळी मीटरमध्ये, साठा दशलक्ष घनफुटांत आणि साठ्याचे दोन भाग असत. कालव्यात पाणी सोडणाऱ्या मोरीचा जो उंबरा, त्याच्या वरचे पाणी ते ‘उपयुक्त साठा’, आणि उंबऱ्याच्या खाली राहिल्यामुळे कालव्यात कधीच न येणारे पाणी ते ‘मृतसाठा’. पातळी उंबऱ्याला टेकली की आमच्या लेखी तलाव संपला. मग पुढच्या पावसापर्यंत तिकडे फिरकण्याचे कारण सहसा पडत नसे.

निवृत्तीनंतर मी विट्याला राहायला आलो. मुलाने एक दुर्बीण आणून दिली आणि गेले सहा हिवाळे मी खटाव तालुक्यातील येरळवाडी, मायणी आणि सूर्याचीवाडी या तलावांच्या काठाने हिंडत आहे. पहिल्याच वर्षी एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला थोडी लागलीही. नोकरीच्या काळात ज्या पाण्याला मी मृत म्हणून बाजूला टाकले, आणि पाणी ओसरताना उघड्या पडणाऱ्या ज्या चिखलाकडे मी बुडीत क्षेत्राचा हिशेब करण्यापलीकडे पाहिले नाही, त्याच पट्ट्यात बहुतेक सगळे पक्षी होते. तलावाच्या मधल्या खोल, निळ्या पाण्यावर चार-दोन पाणकावळे आणि डुबकी मारणाऱ्या बदकांचा एखादा थवा सोडला तर कोणी नव्हते.

या भागाची ओळख नसलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर आहे, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला खटाव आणि माण हे तालुके पर्जन्यछायेत आहेत आणि तिथला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. त्यातलाही बराचसा परतीच्या पावसात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. खटावच्या डोंगरात उगम पावलेली येरळा वडूजवरून दक्षिणेला वाहत सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. येरळवाडीचे धरण या येरळेवर आहे, तर मायणीचा तलाव तिला मिळणाऱ्या चांद नदीवर ब्रिटिश राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला आहे. ही सगळी बांधकामे माणसाच्या पिकासाठी आणि पिण्यासाठी केलेली आहेत. पक्ष्यांचा विचार त्यात कोणी केला नव्हता. मात्र परतीच्या पावसाने तलाव भरायचा आणि नोव्हेंबरपासून रब्बीच्या आवर्तनांमुळे, म्हणजे पिकासाठी ठरावीक पाळीने सोडलेल्या कालव्याच्या पाण्यामुळे, तो हळूहळू उतरायचा हे जे वेळापत्रक पडले, ते उत्तरेकडून येणाऱ्या पाणपक्ष्यांच्या वेळापत्रकाशी योगायोगाने तंतोतंत जुळले. पक्षी येतात तेव्हा काठ उघडा पडू लागलेला असतो आणि मार्चमध्ये ते परततात तोवर रोज नवा काठ उघडत राहतो.

हा काठ एवढा महत्त्वाचा का, हे समजून घ्यायला मला दोन हिवाळे लागले. उन्हाळ्यात तलावाचा तळ कोरडा पडतो, त्यावर गवत आणि लव्हाळे उगवते, गुरे-मेंढ्या चरतात आणि त्यांचे शेण-लेंड्या तिथेच पडतात. पावसाळ्यात हे सगळे पाण्याखाली जाऊन कुजते. त्या कुजण्यावर शेवाळ वाढते, चिखलात माश्यांच्या आणि डासांसारख्या चिलटांच्या अळ्या, गोगलगायी, कृमी यांची दाटी होते. पुढे पाणी उतरू लागले की ही शिदोरी थोडी थोडी करून पक्ष्यांच्या चोचीच्या टप्प्यात येते. टप्प्यात येणे हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा आहे. तुतवार आणि चिखल्या यांच्यासारखे लहान पक्षी ओल्या चिखलात किंवा बोटभर पाण्यातच चरू शकतात. शेकाट्याचे लाल पाय लांब असले तरी त्याला वीतभराहून जास्त पाणी फारसे कामाचे नसते. तलवार बदक शेपूट वर करून डोके पाण्यात खुपसते तेव्हा त्याची मान जिथवर पोहोचेल तिथवरच त्याचे ताट मांडलेले असते. थापट्या बदकाच्या फावड्यासारख्या चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, त्यातून तो उथळ पाणी गाळून घेतो. चमचा आपली चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो, म्हणजे त्यालाही पाय टेकायला तळ हवाच.

आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. वर्तमानपत्रांत दर डिसेंबरला ‘सैबेरियाहून फ्लेमिंगोंचे आगमन’ अशी बातमी येते आणि दर डिसेंबरला मी ती वाचून चरफडतो. आपल्याकडे येणारे मोठे रोहित प्रामुख्याने कच्छच्या रणात घरटी करतात. चिखलाचे छोटे उंचवटे करून त्यावर एकेकच अंडे घालतात. सैबेरियाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. त्यांना परदेशी पाहुणे म्हणून गौरवण्यात एक धोकाही आहे, कारण पाहुण्याची सोय चार दिवस केली की भागते, घरच्या माणसाची मात्र बारा महिने करावी लागते. परदेशी म्हणायचेच असेल तर पट्टकादंबाला म्हणावे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस मंगोलिया आणि तिबेटकडच्या उंच सरोवरांवर पिल्ले वाढवतो, हिमालय ओलांडताना सात हजार मीटरहून अधिक उंचीवर गेल्याच्या त्याच्या नोंदी आहेत, आणि एवढे करून तो दिवसा येरळवाडीच्या काठावर पाठीत चोच खुपसून झोपा काढतो. त्याचे चरणे बहुधा संध्याकाळनंतर, आसपासच्या शेतांतून होते.

रोहिताचे खाणे पाहण्यासारखे असते. तो चोच उलटी करून पाण्यात घालतो, पायांनी चिखल ढवळतो आणि जिभेच्या दट्ट्याने पाणी आत-बाहेर करून शेवाळ, अळ्या आणि बारीक कवचधारी जीव गाळून घेतो. पाय लांब असल्यामुळे तो इतरांपेक्षा थोड्या खोल पाण्यात उतरू शकतो, पण तळाचा चिखल चोचीला लागला पाहिजे ही अट त्यालाही आहे. त्यामुळे येरळवाडीला तो धरणाच्या भिंतीकडे जवळजवळ कधीच दिसत नाही. नदी जिथे तलावात शिरते त्या वरच्या अंगाला, पसरट, गढूळ पाण्यात त्याची रांग असते. ज्या वर्षी तिथे पाणी खोल असते त्या वर्षी तो एखादी घिरटी घालून निघून जातो, आणि मग गावात चर्चा होते की यंदा पाणी एवढे भरपूर असून पक्षी का आले नाहीत.

मायणीची गोष्ट याच्या उलट टोकाची आहे. एकेकाळी रोहित पाहायचे तर मायणीला जायचे अशी ख्याती असलेला हा तलाव गाळाने भरत गेला, लागोपाठच्या अवर्षणांत हिवाळा संपण्याआधीच कोरडा पडू लागला आणि पक्षी येरळवाडी, सूर्याचीवाडीकडे सरकले. मी नोकरीत असताना एका दुष्काळी वर्षी जानेवारीतच मायणीच्या तळातून बैलगाडी आरपार गेलेली पाहिली आहे. तळात ठिकठिकाणी वेड्या बाभळीचे रान माजले होते. ते आजही पुरते गेलेले नाही, आणि गंमत अशी की पाणी आले की अर्धवट बुडालेल्या त्याच बाभळींवर बगळे आणि पाणकावळे वस्तीला बसतात. म्हणून सरसकट बाभळी तोडा असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. उथळ चिखलावर पसरलेल्या काढाव्यात, पाण्यात उभ्या असलेल्या काही ठेवाव्यात.

आता अवर्षणाचे ते दिवस बदलत चालले आहेत. कृष्णेचे पाणी उचलून खटाव-माणकडे नेणारी जिहे-कठापूर योजना नेरच्या तलावात आणि तिथून येरळेत पाणी सोडते. उरमोडीचे पाणी या तालुक्यांत आले आहे. कराडजवळच्या टेंभूहून उचललेले कृष्णेचे पाणी खानापूर, आटपाडीकडे पोहोचले आहे. ज्या गावांत मी टँकरच्या मागे हंडे घेऊन धावणाऱ्या बायका पाहिल्या त्या गावांत आज उसाला पाणी पाजले जाते. ऊस लावावा की नाही यावर माझी मते आहेत, पण या पाण्याविरुद्ध एक अक्षरही माझ्या तोंडून निघणार नाही. पक्ष्यांसाठी गावाने तहानलेले राहावे असे ज्याला वाटते त्याने एक उन्हाळा माणमध्ये काढून पाहावा.

अडचण पाण्याची नाही, त्याच्या वेळेची आहे. परतीच्या पावसाने भरलेला तलाव नोव्हेंबरपासून उतरत जायचा, हा क्रम उपसा योजनांनी मोडला. आता वीजबिल, पंपांची उपलब्धता आणि वरच्या मागण्या यांच्या जुळणीनुसार जानेवारीत, फेब्रुवारीत, कधीही पाणी येते आणि आठ-दहा दिवसांत पातळी चढते. आमच्या तक्त्यात ही आनंदाची नोंद असते. काठावर मात्र त्या आठवड्यात उघडा पडलेला, अळ्यांनी भरलेला सगळा पट्टा हातभर पाण्याखाली जातो आणि जिथे नवे पाणी टेकते तिथली जमीन कोरडी, कडक आणि अन्नाच्या दृष्टीने रिकामी असते. ती पिकायला काही आठवडे जातात. उलट बाजूने, एकाच वेळी दोन कालव्यांची आवर्तने जोरात सुटली आणि पातळी झपाट्याने उतरली, तर चिखलाचा रुंद पट्टा एकदम उघडा पडतो आणि पक्ष्यांनी तो चरून संपवण्याआधी उन्हाने तडकून जातो. रोज थोडे थोडे उतरणारे पाणी, एवढीच खरे तर या सगळ्यांची मागणी आहे.

हे मला कोणत्याही तज्ज्ञाने सांगण्याआधी येरळवाडीच्या काठावर गाळपेर करणाऱ्या एका शेतकऱ्याने सांगितले. गाळपेर म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या बुडीत जमिनीवर, ओलीवर घेतलेले पीक. खाते ही जमीन हंगामापुरती लावून देते. पक्षीप्रेमी मंडळींत गाळपेर करणारा हा शत्रू समजला जातो आणि तसे समजायला कारणेही आहेत. पाण्याच्या कडेपर्यंत नांगर जातो, पिकावर मारलेले औषध थेट तलावात उतरते, राखणीला कुत्री येतात. मीही त्या दिवशी जरा उपदेशाच्या सुरातच बोलायला गेलो होतो. हरभऱ्याच्या वाफ्याच्या कडेला बसलेल्या तात्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सायेब, पाखरांचं आन् माजं दुखणं येकच हाय. पाणी गुमान खाली गेलं तर त्यास्नीबी खायाला, मलाबी. मधीच वर आलं की दोघंबी उपाशी.” मागच्या जानेवारीत घाटे धरलेला त्यांचा दोन पट्ट्यांचा हरभरा अचानक चढलेल्या पाण्यात गेला होता. “तुमच्या हापिसातनं कुणी सांगितलं बी न्हाई,” हे त्यांनी पुढे जोडले, आणि ‘तुमच्या’ या शब्दावर मी निरुत्तर झालो, कारण पाणी सोडताना गाळपेरवाल्याला कळवण्याची रीत माझ्याही काळात नव्हती.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की या तलावांच्या बाबतीत गाळपेर करणारा हा पक्ष्यांचा स्वाभाविक सोबती आहे. दोघांनाही स्थिर, हळू उतार हवा आहे. त्याच्याकडून मागायच्या गोष्टी दोनच: पाण्यालगतची पंधरा-वीस पावलांची पट्टी नांगराविना सोडणे आणि त्या बाजूला विषारी औषध न मारणे. जमीन लावून देतानाच्या अटींत या दोन ओळी घालायला खात्याला एक पैसाही खर्च नाही. मार्चनंतर या पट्टीचा आणखी एक उपयोग होतो. टिटवी, नदी सुरय आणि आर्ली हे पक्षी उघड्या काठावर, जमिनीत नुसता खळगा करून अंडी घालतात. तिथे नांगर किंवा ट्रॅक्टर फिरला की त्या वर्षाची पिल्ले गेली. तात्या मात्र पट्टी सोडण्याबद्दल हो म्हणाले नाहीत. “बगू,” एवढेच म्हणाले.

गाळ काढण्याचा विषय याहून नाजूक आहे. राज्य शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली आणि तिच्यामुळे पुष्कळ तलावांत पोकलेन उतरले. गाळाने भरलेल्या मायणीसारख्या तलावाला याची गरज आहे आणि माळरानावर पसरलेला तो गाळ शेतकऱ्याला सोन्यासारखा आहे, याबद्दल दुमत नाही. पण गाळ कुठून काढावा हे बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरला सोयीची वाट कुठे आहे यावरून ठरते. ती वाट असते तलावाच्या वरच्या अंगाला, नदी शिरते तिथे, जो नेमका उथळ आणि चरण्याचा भाग असतो. तिथे आठ-दहा फूट खोल, उभ्या कडांचे खड्डे पडले की पुढच्या हिवाळ्यात पाणी कितीही उतरले तरी काठ उघडा पडत नाही. खड्डा एक तर भरलेला असतो, नाही तर कोरडा. मी स्वतः अशा कामांची मोजमापे घेतली आहेत आणि किती घनमीटर गाळ निघाला याखेरीज दुसरा रकाना मोजमाप पुस्तकात नव्हता. गाळ भिंतीकडच्या खोल भागातून काढावा, वरच्या अंगाला हात लावायचाच तर बाजू तिरक्या, लांब उताराच्या ठेवाव्यात, मध्ये एखादा मातीचा उंचवटा सोडावा म्हणजे चहूबाजूंनी पाणी असलेले सुरक्षित बेट मिळते. भिंतीकडून गाळ काढण्यात पाणीसाठाही जास्त टिकतो, कारण खोल पाण्याचे बाष्पीभवन पसरट पाण्याच्या मानाने कमी होते. म्हणजे शेतकऱ्याच्या हिताच्याही हे आड येत नाही.

कायद्याकडे वळलो तर चित्र गोंधळाचे आहे. पाणथळ जागांसंबंधीच्या रामसर करारात, जो १९७१ मध्ये झाला आणि ज्यात भारत १९८२ मध्ये सामील झाला, मानवनिर्मित पाणथळ जागाही धरल्या आहेत. आपल्याकडच्या २०१७ च्या पाणथळ जागा संवर्धन व व्यवस्थापन नियमांनी मात्र खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि खास सिंचनासाठी बांधलेली बांधकामे व्याख्येतूनच वगळली. आमच्या दुष्काळी पट्ट्यात निसर्गाने दिलेली सरोवरे नाहीतच. जे काही पाणी उभे दिसते ते कोणी ना कोणी बांधून अडवलेले आहे. त्यामुळे सातारा-सांगलीच्या पूर्व भागातील जवळजवळ प्रत्येक तलाव या नियमांच्या बाहेर पडतो. वास्तविक महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरलेले नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे गोदावरीवरच्या सिंचनाच्या बंधाऱ्यामुळेच तयार झाले आहे. २०२० मध्ये त्याला तो दर्जा मिळाला तेव्हा मला एका जुन्या सहकाऱ्याला फोन करून सांगावेसे वाटले होते की बघ, आपल्या एका बंधाऱ्याला केवढा मान मिळाला.

मायणीसाठी दुसरा मार्ग निघाला. २०२१ मध्ये मायणी, येरळवाडी आणि आसपासचे आणखी काही तलाव मिळून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मायणी पक्षी संवर्धन राखीव जाहीर झाले. संवर्धन राखीव ही तरतूद १९७२ च्या मूळ कायद्यात नव्हती, ती २००२ च्या दुरुस्तीने आली, आणि अभयारण्यापेक्षा ती सौम्य आहे. शासनाच्या मालकीच्या जमिनीवर, स्थानिकांशी सल्लामसलत करून ती लागू करता येते आणि तिच्यासाठी एक व्यवस्थापन समिती असते. त्या समितीची कायद्यातली रचना मी वाचली. वन खात्याचा प्रतिनिधी सदस्य-सचिव, हद्दीतील प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीन, आणि कृषी व पशुसंवर्धन खात्यांचे प्रतिनिधी. ज्याच्या हातात मोरीची चावी आहे त्या पाटबंधारे खात्याचे नाव त्या कलमात नाही. जंगलांच्या दृष्टीने कलम लिहिले गेले असेल तर ते समजण्यासारखे आहे. पण तलावाच्या राखीव क्षेत्रात पाणी किती आणि केव्हा हा प्रश्न ज्या टेबलावर सुटतो ते टेबलच बैठकीत नसेल, तर पक्षी सप्ताहाच्या फलकांवर आणि निरीक्षण मनोऱ्यांच्या रंगरंगोटीवरच चर्चा होत राहणार. कलमाने मनाई केलेली नाही. निमंत्रित म्हणून शाखा अभियंत्याला बोलावण्यास काही अडचण असू नये.

येरळा पुढे सांगली जिल्ह्यात शिरते तेव्हा प्रश्नाचे रूप बदलते. तिथे पाण्याइतकीच वाळू महत्त्वाची. येरळेचे पात्र पूर्वी वाळूने भरलेले, रुंद आणि उघडे होते. ती वाळू पावसाळ्यातले पाणी धरून ठेवी आणि उन्हाळ्यात तिच्यावर सुरय घरटी करीत. वाळू उपशाने ते पात्र कित्येक ठिकाणी खडकापर्यंत खरवडले गेले आहे. या नदीकाठी एक वेगळी घटनाही घडली आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८० च्या दशकात बळवडी आणि तांदुळवाडी या गावांच्या लोकांनी नदीतली वाळू ठेकेदाराची नव्हे, गावाची आहे असा आग्रह धरला, मर्यादित वाळू विकून पैसे उभे केले आणि स्वतःचे बळीराजा धरण बांधले. पाणी समान वाटून घेण्याचा विचार त्यामागे होता. मी तेव्हा नोकरीत नवा होतो आणि खात्यातल्या आम्हा मंडळींनी त्या प्रयत्नाकडे फारशा आदराने पाहिले नव्हते, हेही कबूल करतो. नदीतून किती घ्यायचे आणि किती ठेवायचे हे गाव ठरवू शकते, याचा तो पुरावा आमच्या जिल्ह्यात उभा आहे.

कृष्णेला मिळाल्यावर तर सगळीच वस्ती निराळी. सांगली जिल्ह्यातील कृष्णेच्या डोहांत मगरी आहेत, पाणमांजरांचे कळप आहेत, आणि दोघांनाही माती असलेले, झाडीचे उंच काठ लागतात; मगर उन्हाळ्यात काठावर खड्डा करून अंडी घालते आणि पाणमांजर मुळांच्या आडोशाला बीळ करते. वीटभट्टीसाठी काठाची माती खणली जाते तेव्हा ही दोन्ही घरे एकदम जातात. या विषयाला स्वतंत्र लेख हवा, म्हणून इथे थांबतो.

छायाचित्रकारांबद्दल मात्र दोन शब्द. रोहित उभा असताना फिकट पांढरा-गुलाबी दिसतो. पंख उघडले की आतला लाल रंग चमकतो आणि म्हणूनच त्याला अग्निपंख म्हणतात. तो रंग मिळवण्यासाठी थव्याला मुद्दाम उडवणारे लोक मी पाहिले आहेत, गेल्या वर्षी तर ड्रोन घेऊन आलेले. दिवसातून तीन-चार वेळा उडवलेला थवा चरण्याचा वेळ गमावतो आणि चौथ्या दिवशी तलाव सोडतो. मासेमारीच्या ठेक्यातील तंगुसाची जाळी हाही असाच एक प्रकार. पाण्यात ती दिसत नाहीत आणि बदकांच्या माना त्यात अडकतात. इथे मच्छीमारांशी बोलणे अवघड गेले नाही. खोल पाण्यात मासा जास्त मिळतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, त्यामुळे हिवाळ्यात वरच्या उथळ अंगाला जाळी लावू नका, या विनंतीला दोघा-तिघांनी लगेच मान डोलावली. छायाचित्रकारांनी नाही.

गेल्या वर्षी मी एक निवेदन तयार केले. डिसेंबर ते मार्च या काळात तलावाची पातळी शक्यतो चढवू नये, बाहेरचे पाणी द्यायचेच असेल तर ते नोव्हेंबरपूर्वी किंवा मार्चनंतर घ्यावे, आणि आवर्तने अशी सोडावीत की उतार संथ राहील, असा त्याचा आशय होता. ते घेऊन मी एका कार्यालयात गेलो. समोर बसलेला तरुण अधिकारी सभ्य होता, त्याने चहा मागवला आणि निवेदन शेवटपर्यंत वाचले. मग त्याने एकच प्रश्न विचारला, “सर, नेमकी किती मीटर पातळी हवी? आणि दिवसाला किती सेंटिमीटर उतार चालेल?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. चौतीस वर्षे मी स्वतः लोकांना हेच सांगत आलो होतो की आकडा आणा, नुसते ‘पाणी द्या’ म्हणून अर्ज करू नका. सहा हिवाळे मी पक्ष्यांची नावे लिहिली, संख्या लिहिल्या, पण त्या दिवशी मोजपट्टीवर पातळी किती होती हे एकदाही टिपले नव्हते. भिंतीवरची ती पट्टी मोटारसायकल लावतो तिथून पन्नास पावलांवर आहे.

या हिवाळ्यात वहीत नवे रकाने आखले आहेत: दिनांक, पट्टीवरची पातळी, मागच्या फेरीपासून उतार, वरच्या अंगाला उघड्या चिखलाची रुंदी पावलांत, आणि कोणता पक्षी पायाच्या कोणत्या सांध्यापर्यंत पाण्यात उभा आहे. दर पंधरवड्याला विट्याहून निघायचे ठरवले आहे. पहिल्या फेरीला पट्टी वाचत असताना तात्या वरून ओरडून विचारू लागले की यंदा पाणी कधी सोडणार. मी म्हणालो, मला कळले की तुम्हाला कळवतो. त्यांनी आपला नंबर सांगितला आणि तो मी वहीच्या मलपृष्ठावर लिहून घेतला. हरभरा अजून पाण्यापासून वावभर उंचीवरच पेरलेला होता. खालची, पाण्यालगतची पट्टी मोकळी होती, पण ती मुद्दाम सोडली आहे की अजून ओल उतरायची वाट पाहत आहेत, हे मी विचारले नाही.